पेडर फुरुबोत्न : जर्मनांच्या हाती न लागलेला, स्वपक्षाने हाकललेला नेता

१९४५ च्या ऑक्टोबरात नॉर्वेत युद्धानंतरची पहिली निवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षाला ११.९ टक्के मतं आणि १५० पैकी ११ जागा मिळाल्या. त्या पक्षाच्या इतिहासातला हा सगळ्यात चांगला निकाल. चार वर्षांनी, १९४९ च्या ऑक्टोबरात, मतं ५.८ टक्क्यांवर आली आणि जागा एकही उरली नाही. त्याच महिन्यात पक्षाने आपल्या युद्धकाळातल्या नेत्याला, पेडर फुरुबोत्न यांना, त्यांच्या साथीदारांसकट हाकलून दिलं. ते ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनच्या हद्दपार प्रतिस्पर्ध्याचे पाठीराखे आहेत, युगोस्लाव्हियाच्या टिटोचे अनुयायी आहेत, बूर्झ्वा राष्ट्रवादी आहेत, असे आरोप ठेवले. पाच वर्षांपूर्वी याच माणसाला पकडायला जर्मनांनी शेकडो सशस्त्र माणसं डोंगरात उतरवली होती.

नॉर्वेचं युद्ध म्हटलं की आपल्याकडे जर्मनांना सामील झालेला क्विसलिंग आठवतो, फार तर जड पाण्याच्या कारखान्यावरचा हल्ला. फुरुबोत्न यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. पण परक्या सत्तेखाली लढायचं कसं, कधी आणि कुणाच्या जिवावर, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितका ठळक दिसतो तितका फार थोड्या राजकारण्यांच्या आयुष्यात दिसतो. म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर समजून घेण्यासारखी आहे.

आधी एक गल्लत टाळू. नॉर्वेतल्या ‘युद्धकाळात वादग्रस्त ठरलेल्या डाव्या नेत्यां’चे दोन अगदी वेगळे गट आहेत. पहिल्या गटातले लोक जर्मनांशी जुळवून घेणारे. मजूर पक्षाच्या डाव्या बाजूचे होकोन मेयर हे त्यातलं ठळक नाव. १९४० मध्ये कामगार संघटनांनी नव्या सत्तेशी जमवून घ्यावं अशी भूमिका त्यांनी घेतली, आणि युद्धानंतर खटला चालून त्यांना शिक्षा झाली. फुरुबोत्न यांच्यावर असा खटला कधी चालला नाही. त्यांच्यावरचा आक्षेप नेमका उलटा होता : ते फार लढले, फार लवकर लढले, आणि ते नक्की कुणासाठी लढत होते याचा लोकांना भरवसा नव्हता.

सुतारकामापासून मॉस्कोपर्यंत

फुरुबोत्न यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९० चा, पश्चिम किनाऱ्यावरच्या सोग्न भागातल्या ब्रेक्के गावचा. धंद्याने ते फर्निचर बनवणारे सुतार. बर्गन शहरात ते कामगार चळवळीत आले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपभरच्या कामगार पक्षांपुढे एकच प्रश्न होता, लेनिनच्या मागे जायचं की नाही. नॉर्वेचा मजूर पक्ष १९१९ मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे कोमिन्टर्नमध्ये, सामील झाला.

कोमिन्टर्न ही नुसती मित्रपक्षांची आघाडी नव्हती, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच उलगडतं. १९२० मध्ये तिने प्रवेशाच्या २१ अटी घातल्या. त्यांचा गाभा असा की सगळे देशोदेशीचे पक्ष एकाच जागतिक पक्षाच्या शाखा, आणि मॉस्कोतल्या केंद्राचा निर्णय सगळ्यांवर बंधनकारक. मजूर पक्षातल्या बहुसंख्यांना हे सोसवेना. १९२३ मध्ये मार्टिन ट्रानमेल यांच्या नेतृत्वाखाली पक्ष कोमिन्टर्नमधून बाहेर पडला. जे राहिले त्यांनी ४ नोव्हेंबर १९२३ रोजी नॉर्वेचा कम्युनिस्ट पक्ष काढला. फुरुबोत्न त्याचे सचिव झाले आणि १९२५ पासून अध्यक्ष.

अध्यक्ष म्हणून त्यांची कामगिरी चांगली म्हणता येत नाही. पक्षाला १९२४ मध्ये ६ जागा, १९२७ मध्ये ३ आणि १९३० मध्ये शून्य. शेवटच्या घसरणीचं मोठं कारण धोरणात होतं. १९२८ पासून कोमिन्टर्नचा आदेश होता की समाजवादी लोकशाहीवादी पक्ष हेच मुख्य शत्रू, त्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणायचं. नॉर्वेत तर कारखान्यातले बहुतेक कामगार मजूर पक्षाचे. १९२७ मध्ये त्या पक्षाला ५९ जागा मिळून तो देशातला सर्वांत मोठा पक्ष झाला होता. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या सोबत्यालाच फॅसिस्ट म्हटल्यावर मतं कोण देणार? केंद्राशी बांधलेल्या पक्षाच्या शिखरावर तेव्हा फुरुबोत्न होते, आणि या वर्षांची जबाबदारी त्यांच्यावरून काढून घेता येत नाही. त्यांना पुढे डोक्यावर घेणारे लेखक हा भाग घाईने ओलांडतात.

१९३० मध्ये ते कुटुंबासह मॉस्कोला गेले आणि आठ वर्षं कोमिन्टर्नच्या कामात राहिले. या आठ वर्षांतली शेवटची दोन म्हणजे स्टालिनच्या महाशुद्धीकरणाचा, संशयितांच्या अटका आणि हत्यांचा काळ. त्यात परदेशी कम्युनिस्टही सुटले नाहीत. कोमिन्टर्नमध्ये काम करणारे डॅनिश नेते आर्ने मुंक-पेटर्सेन यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि ते १९४० मध्ये सोव्हिएत तुरुंगातच वारले. नॉर्वेजियनांवर तर संशयाचं आणखी एक कारण होतं. जून १९३५ ते डिसेंबर १९३६ खुद्द ट्रॉट्स्की नॉर्वेत आश्रयाला होता. अशा वातावरणातून फुरुबोत्न १९३८ मध्ये जिवंत मायदेशी परतले. ‘ट्रॉट्स्कीवादी’ या शब्दाने माणसाचं काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. अकरा वर्षांनी तोच शब्द त्यांना लावला गेला.

१९४० : पक्षाचं मौन आणि बर्गनचा सूर

२३ ऑगस्ट १९३९ ला जर्मनी आणि सोव्हिएत संघाने अनाक्रमण करार केला. लगेच कोमिन्टर्नची भूमिका ठरली : हे दोन साम्राज्यवादी गटांचं युद्ध आहे, कामगारांनी कुणाचीच बाजू घेऊ नये. ९ एप्रिल १९४० ला जर्मनांनी नॉर्वेवर हल्ला केला. ७ जूनला राजा आणि सरकार ट्रॉम्सोहून इंग्लंडला निघून गेले. त्या उन्हाळ्यात ओस्लोतलं कम्युनिस्ट नेतृत्व याच भूमिकेला चिकटून होतं. पक्षाचं वर्तमानपत्र काही महिने उघडपणे निघत राहिलं आणि त्यात इंग्लंडवर टीका असे. देश परक्या सैन्याखाली असताना हे छापलं गेलं, आणि पक्षाचे विरोधक याची आठवण पुढे कित्येक वर्षं देत राहिले. ती टीका रास्त होती.

तरीही जर्मनांनी पहिला बंदीहुकूम काढला तो कम्युनिस्टांवरच, १६ ऑगस्ट १९४० रोजी. क्विसलिंगचा पक्ष सोडून बाकीच्या पक्षांवर बंदी आली ती २५ सप्टेंबरला.

बर्गनमध्ये मात्र फुरुबोत्न यांचा सूर निराळा होता. जर्मन सत्तेविरुद्ध राष्ट्रीय लढा उभा करायला हवा, असा तो सूर. पश्चिम किनाऱ्यावरचे कार्यकर्ते ओस्लोच्या आधी त्या दिशेला वळले. ओस्लोतले नेते मॉस्कोच्या सुराकडे कान लावून थांबले होते. मॉस्कोत आठ वर्षं काढलेल्या माणसाने मात्र थांबायचं नाकारलं. यात धाडस होतंच, शिवाय स्वतःच्या डोक्याने चालण्याची खोडही होती. याच खोडीने त्यांना १९४१ मध्ये वर नेलं आणि १९४९ मध्ये खाली पाडलं.

मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल, कारण तोच आदेश मुंबईतही आला होता. भारतीय कम्युनिस्टांनीही १९३९ पासून युद्धाला साम्राज्यवादी म्हटलं, मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत महागाईभत्त्यासाठी मोठा संप केला, डांगे यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेले. जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावर चालून गेला आणि तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झालं. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पक्षावरची बंदी उठवली आणि ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं. म्हणजे या वळणाने आपल्याकडचे कम्युनिस्ट लोकभावनेच्या उलट्या बाजूला गेले. नॉर्वेत त्याच वळणाने ते लोकभावनेच्या बाजूला आले, कारण तिथे राज्य जर्मनांचं होतं. १९४५ च्या त्या ११ जागांचं मूळ इथे आहे.

‘सक्रिय युद्ध’ म्हणजे काय

२२ जून १९४१ नंतर नॉर्वेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. सप्टेंबरात ओस्लोतल्या कारखान्यांत कामगारांचं दूध बंद झाल्यावरून संप पेटला. १० सप्टेंबरला आणीबाणी लागली, आणि त्याच दिवशी कामगार महासंघाचे वकील व कम्युनिस्ट नेते व्हिगो हान्स्टीन आणि कामगार पुढारी रॉल्फ विकस्ट्रॉम यांना गोळ्या घातल्या गेल्या. जुनं नेतृत्व तुरुंगात, छळछावणीत किंवा भूमिगत. अशा वेळी १९४१ च्या शेवटच्या दिवशी गुप्त परिषद भरली आणि फुरुबोत्न सरचिटणीस झाले. वय ५१.

त्यांच्या धोरणाचं नाव ‘सक्रिय युद्ध’. रेल्वे, जहाजं, कारखाने, मजूरभरतीच्या नोंदी यांवर आत्ता, रोज, जमेल तिथे घाव घालायचा. समोर होती मिलॉर्ग, म्हणजे लष्करी प्रतिकार संघटना. तिला लंडनमधल्या सरकारने नोव्हेंबर १९४१ मध्ये आपल्या सैन्याचा भाग म्हणून मान्यता दिली होती. मिलॉर्गचा हिशेब वेगळा : माणसं जमवा, शिकवा, शस्त्रं लपवून ठेवा आणि दोस्त सैन्य उतरेल तेव्हा उठा. तोवर शांत राहा.

दोन्ही बाजूंचे मुद्दे पक्के होते. मिलॉर्गचा मुद्दा समजायला तेलावॉगचं उदाहरण पुरे. बर्गनजवळच्या या मच्छीमार गावात २६ एप्रिल १९४२ ला लंडनहून आलेल्या दोन हस्तकांशी चकमक झाली आणि गेस्टापोचे, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचे, दोन अधिकारी मेले. बदल्यात जर्मनांनी सगळं गाव जाळून उद्ध्वस्त केलं, ७२ पुरुष साक्सेनहाउसेन छावणीत पाठवले, त्यातले ३१ परतले नाहीत. शिवाय इतरत्र कैदेत असलेल्या १८ जणांना गोळ्या घातल्या. त्यांचा तेलावॉगशी संबंध नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रॉन्डहाइमच्या आणीबाणीत ३४ जणांना मृत्युदंड दिला गेला. नॉर्वेची लोकसंख्या तेव्हा ३० लाखांच्या आसपास. एवढ्या लहान देशात अशा प्रत्येक बातमीत कुणाच्या तरी ओळखीचं नाव असे.

फुरुबोत्न यांचा प्रतिवाद तीन अंगांनी चालायचा. पूर्व आघाडीवर लाखो माणसं मरत असताना इथे जर्मनांना निवांत ठेवणं म्हणजे त्यांचं सैन्य तिकडे मोकळं करणं. दुसरं, वाट पाहणारा समाज हळूहळू गुलामीला सरावतो, आणि मग उठायची वेळ आली तरी उठत नाही. तिसरं, शांत बसल्याने माणसं वाचतात हेच खरं नाही, कारण वेठबिगारी, उपासमार आणि हद्दपारी तर चालूच असते. आमच्या मते यातला दुसरा मुद्दा सगळ्यात बळकट होता आणि पहिला सगळ्यात कमजोर. नॉर्वेत युद्धाच्या शेवटी साडेतीन लाखांच्या वर जर्मन सैनिक होते, पण ते तिथे मुख्यतः हिटलरला वाटणाऱ्या दोस्तांच्या स्वारीच्या भीतीने ठेवलेले होते. घातपात कितीही झाले असते, त्यामुळे तो आकडा फारसा हलला नसता.

एक मात्र नोंदवायला हवं. युद्धाच्या शेवटच्या वर्षात मिलॉर्गही घातपातांकडे आणि निवडक हत्यांकडे वळली. फेब्रुवारी १९४५ मध्ये क्विसलिंगच्या सुरक्षापोलिसांचा प्रमुख कार्ल मार्थिन्सेन याला तिच्याच माणसांनी ओस्लोत मारलं, आणि त्याचाही सूड जर्मनांनी कैद्यांवर आणि नामवंत नागरिकांवर उगवला. म्हणजे वाद ‘लढायचं की नाही’ असा कधीच नव्हता. लढाई कधी सुरू करायची आणि हुकूम कुणाचा, यावर तो होता.

भूमिगत केंद्र चालतं कसं

फुरुबोत्न यांनी केंद्र शहरात ठेवलं नाही. ते हालिंगदाल आणि नंतर वाल्द्रेस या डोंगराळ खोऱ्यांत हललं. जागेची निवड विचारपूर्वक होती. हालिंगदालमधून ओस्लो-बर्गन रेल्वे जाते, म्हणजे देशातल्या दोन मोठ्या शहरांकडून निरोप्ये साध्या प्रवाशासारखे तिथवर येऊ शकत. स्थानकापासून वरच्या झोपड्यांपर्यंतचा रस्ता मात्र चालत किंवा स्कीवर, आणि अनोळखी माणूस त्या रस्त्यावर लांबून दिसतो. उन्हाळ्यात गुरं चारायला जाणाऱ्यांच्या डोंगरातल्या झोपड्या वर्षातले बरेच महिने रिकाम्या असत.

अशा केंद्राला चार गोष्टी सतत लागतात : बातमी, कागद, अन्न आणि पहारा. प्रत्येकीची अडचण निराळी.

बातमी लंडनच्या रेडिओवरून मिळायची. पण १९४१ च्या शरदात जर्मनांनी सर्वसामान्य लोकांचे रेडिओ जप्त केले होते. लपवलेल्या संचावर ऐकायचं, टिपून घ्यायचं आणि मेणकागदावर टंकून चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढायच्या. पक्षाचं ‘फ्रीहेतेन’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, हे पत्र १९४१ मध्ये असंच गुप्तपणे सुरू झालं. बेकायदा पत्र बाळगलं तरी जिवावर बेतू शके.

कागद आणि शाई विकत घेताना प्रमाण लपवावं लागे, एकाच दुकानातून मोठी खरेदी म्हणजे संशयाला आमंत्रण. अन्नाचंही तसंच. सगळं शिधापत्रिकेवर मिळे, आणि भूमिगत माणसाला पत्रिका नसते. मग एकतर बनावट किंवा पळवलेल्या पत्रिका, नाहीतर आसपासच्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या वाट्यातून दिलेलं दूध आणि बटाटे. त्या शेतकऱ्यांपैकी अनेक जण कम्युनिस्ट नव्हतेच. पकडले गेल्यास शिक्षा मात्र तीच. या माणसांच्या वाट्याला नंतर फार कमी शब्द आले.

पहारा सगळ्यात अवघड. हिवाळ्यात बर्फावरचे माग लपत नाहीत, वारा किंवा नवी हिमवृष्टी होईपर्यंत झोपडीकडे जाणारी रेघ कोसभरावरून दिसते. जूनमध्ये उलट अडचण : ६१ अंश अक्षांशावर रात्र जवळपास होतच नाही, त्यामुळे अंधाराचा आडोसा मिळत नाही.

सगळं बिघडतं ते बहुतेक वेळा एका माणसापासून. म्हणून प्रत्येकाला आपल्या वरचा एक आणि खालचे दोघे-तिघे एवढेच ठाऊक, तेही टोपणनावाने. अटक झालेल्याने निदान एक-दोन दिवस तोंड उघडायचं नाही, म्हणजे बाकीच्यांना जागा बदलायला वेळ मिळेल, ही अपेक्षा. छळापुढे ती दर वेळी टिकली नाही. आणि एक डाव असा होता की त्यावर या बांधणीचाही इलाज चालत नसे. ट्रॉन्डहाइममध्ये गेस्टापोसाठी काम करणारा हेन्री रिनान खोटे प्रतिकार गट उभे करायचा. त्यात काम करणाऱ्यांना मनापासून वाटे की आपण देशासाठी झटतोय, आणि त्यांनी दिलेली प्रत्येक माहिती थेट जर्मनांकडे जायची. युद्धानंतर रिनानला मृत्युदंड झाला.

दोन हुकूम, एक बंदूक

आता या कथेतला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. केंद्राचा पहारा कोण करायचं? ओस्वाल्ड गट. त्याचा प्रमुख असब्यॉर्न सुंडे, उत्तर नॉर्वेचा खलाशी, स्पेनच्या यादवीत लढून आलेला. पण हा गट पक्षाचा नव्हता. त्याचं मूळ युद्धापूर्वीच्या वोलवेबर संघटनेत होतं. फॅसिस्ट देशांची जहाजं उडवण्यासाठी जर्मन कम्युनिस्ट अर्न्स्ट वोलवेबर याने सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या पाठबळावर ती उभारली होती. सुंडेचा हुकूम मॉस्कोहून येई.

१९४१ ते १९४४ मध्ये या गटाने शंभराहून अधिक घातपात केले. १ फेब्रुवारी १९४२ ला क्विसलिंग समारंभाने ‘मंत्री-अध्यक्ष’ झाला, त्या दिवशी ओस्लोच्या पूर्व स्थानकात स्फोट घडवला तो याच लोकांनी. एप्रिल १९४३ मध्ये ओस्लोतलं मजूरभरतीचं कार्यालय उडवलं, कारण तिथल्या नोंदींवरून तरुणांना वेठीला धरलं जात होतं. गटाची सुमारे ३५ माणसं यात गेली.

१९४२ मध्ये सुंडे आणि फुरुबोत्न यांच्यात व्यवस्था ठरली : सुंडेची माणसं केंद्राला पहारा देतील, पक्षाच्या तरुणांना शस्त्रं चालवायला शिकवतील. काही काळ दोघांनाही हे सोयीचं होतं, पण पुढे खटके उडू लागले. चांगली माणसं पहाऱ्यावर अडकवायची की घातपाताला सोडायची? कोणता घातपात कधी करायचा हे पक्षाने ठरवायचं की मॉस्कोने? १९४४ च्या सुरुवातीला फाटलं. त्याच उन्हाळ्यात मॉस्कोच्या सांगण्यावरून ओस्वाल्ड गट विसर्जित झाला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. फुरुबोत्न म्हणजे मॉस्कोचं नॉर्वेतलं बाहुलं, असं त्यांचे विरोधक म्हणत. पण ज्याला खरोखर मॉस्कोहून हुकूम येत होता त्याच्याशी त्यांचं जमलं नाही. पुढे पक्षाने स्वतःचे गट वाढवले : बर्गन भागात साबोर्ग, ओस्लोत पेल्ले. पेल्ले गटाने २३ नोव्हेंबर १९४४ ला ओस्लो बंदरातल्या जहाजांवर सुरुंग लावून केलेली कारवाई नॉर्वेतल्या सर्वांत मोठ्या जहाज-घातपातांत गणली जाते.

१३ जून १९४४ ला जर्मनांनी वाल्द्रेसमध्ये ‘आल्मेनराउश’ नावाची मोठी मोहीम उघडली. जर्मन सैनिक आणि क्विसलिंगचे पोलीस मिळून शेकडोंनी खोऱ्याला वेढा घातला. लक्ष्य एकच, फुरुबोत्न. काही लोक पकडले गेले, कागद हाती लागले, पण ते स्वतः निसटले. नंतर युद्ध संपेपर्यंत त्यांचा माग जर्मनांना लागला नाही.

विजय आणि घसरण

८ मे १९४५ ला नॉर्वे मुक्त झालं. कम्युनिस्टांची पत तेव्हा इतकी उंच होती की आयनार गेरहार्डसेन यांच्या पहिल्या सर्वपक्षीय सरकारात त्यांचे दोन मंत्री होते, योहान स्ट्रान्ड योहान्सेन आणि व्हिगो हान्स्टीन यांच्या पत्नी कर्स्टन हान्स्टीन. कर्स्टन या नॉर्वेच्या पहिल्या महिला मंत्री. लाल सैन्याने १९४४ च्या ऑक्टोबरात उत्तरेकडचं किर्केनेस मुक्त केलं होतं आणि १९४५ च्या सप्टेंबरात ते सैन्य मुकाट परतही गेलं. लोकांच्या मनात सोव्हिएतांबद्दल कृतज्ञता होती.

त्या उन्हाळ्यात मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष एक करण्याच्या वाटाघाटी झाल्या. त्या फिसकटल्या, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाला एकट्यालाच ७६ जागा म्हणजे बहुमत मिळाल्यावर त्या पक्षाला एकीची गरजच उरली नाही.

मग शीतयुद्ध आलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. २९ फेब्रुवारीला पंतप्रधान गेरहार्डसेन यांनी क्रोकरॉय इथे भाषण करून कम्युनिस्ट पक्ष हाच नॉर्वेच्या स्वातंत्र्याला आणि लोकशाहीला मुख्य धोका असल्याचं सांगितलं. एप्रिल १९४९ मध्ये नॉर्वे नाटोत गेलं. कामगार संघटनांतून कम्युनिस्टांना बाजूला सारलं जाऊ लागलं. १९४९ च्या निवडणुकीत मतं निम्म्यावर आली तरी जागा मात्र निम्म्या न राहता शून्यावर का गेल्या? जागावाटप जिल्हावार होई आणि त्यासाठी वापरलेली पद्धत मोठ्या पक्षांना झुकतं माप देणारी होती. विखुरलेली साडेपाच-सहा टक्के मतं तिथे काहीच मिळवून देत नव्हती. पुढे १९५३ च्या निवडणुकीपासून ही पद्धत बदलली.

पराभवाचा दोष कुणाच्या तरी डोक्यावर जाणारच होता. पक्षात आधीपासून दोन गट होते : फुरुबोत्न आणि युद्धातले त्यांचे सोबती एकीकडे, अध्यक्ष एमिल लोव्हलियन आणि स्ट्रान्ड योहान्सेन दुसरीकडे. दुसऱ्या गटाची एक तक्रार खरी होती. फुरुबोत्न निर्णय आपल्या वर्तुळात घेत, भूमिगत काळातली गुप्ततेची सवय त्यांनी शांततेतही सोडली नव्हती, आणि विरोध त्यांना सहन होत नसे. पण यावर उघड चर्चा झालीच नाही. जून १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाच्या टिटोला स्टालिनने बहिष्कृत केलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या बळावर प्रतिकार लढा चालवलेला प्रत्येक कम्युनिस्ट नेता संशयित झाला. हंगेरीत कम्युनिस्ट नेते लास्लो राय्क यांना ऑक्टोबर १९४९ मध्ये फाशी झाली. त्याच महिन्यात नॉर्वेत फुरुबोत्न गट हाकलला गेला. पक्षकार्यालयाचा आणि वर्तमानपत्राचा ताबा लोव्हलियन गटाकडे गेला, आणि आरोपांची भाषा पूर्व युरोपातल्या खटल्यांतून जशीच्या तशी उचललेली होती. फरक एवढाच की ओस्लोत फाशी देण्याची ताकद पक्षाकडे नव्हती.

नॉर्वेच्या कम्युनिस्ट पक्षाने यात स्वतःचंच नुकसान केलं, असं आमचं ठाम मत आहे. युद्धातली कामगिरी हे त्यांचं एकमेव भांडवल होतं, आणि तेच त्यांनी आपल्या हातांनी संशयास्पद करून टाकलं. १९५४ मध्ये सुंडेला सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा उरलीसुरली पतही गेली. घातपात करणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांची नावं फुरुबोत्न आणि सुंडे या दोघांच्या सावलीत दबली. ओस्वाल्ड गटाचं स्मारक ओस्लोच्या पूर्व स्थानकासमोर उभं राहायला १ मे २०१५ उजाडावा लागला.

फुरुबोत्न पुढे छोट्या वर्तुळात राजकारण आणि लेखन करत राहिले आणि २८ नोव्हेंबर १९७५ ला, ८५ व्या वर्षी, वारले.

त्यांच्याविषयी वाचताना

फुरुबोत्न यांच्यावरचं कोणतंही लिखाण हाती घेतलं की आधी ते कधीचं आहे ते पाहावं. १९४५ ते १९४९ मधलं पक्षाचं साहित्य त्यांना निष्कलंक दाखवतं. १९४९ नंतरच्या काही वर्षांतलं पक्षाचंच साहित्य त्यांना शत्रूचा हस्तक ठरवतं आणि पुरावा म्हणून फक्त विशेषणं देतं. मिलॉर्गच्या बाजूने लिहिलेल्या सुरुवातीच्या इतिहासांत कम्युनिस्ट गट जेमतेम परिच्छेदभर येतात. सत्तरच्या दशकापासून नॉर्वेजियन इतिहासकारांनी त्यांचं पुनर्मूल्यांकन सुरू केलं, पण त्यातही काही जण इतके भारावलेले आहेत की विसाच्या दशकातली चूक आणि चाळीसच्या दशकातली हुकूमशाही वृत्ती बारीक अक्षरात उरते.

पोलिसांच्या कागदांचंही तसंच. नॉर्वेच्या संसदेने १९९४ मध्ये नेमलेल्या लुंड आयोगाने १९९६ च्या अहवालात दाखवून दिलं की कम्युनिस्टांवर आणि इतर डाव्यांवर दशकानुदशकं पाळत होती आणि त्यातली बरीच बेकायदा होती. त्या फायलींत कोण कुणाला कधी भेटलं याच्या नोंदी बहुधा अचूक असतात. भेटीत काय शिजलं असेल याचा अंदाज मात्र पाळत ठेवणाऱ्याचा असतो, आणि तो वाचताना आधी फायलीवरची तारीख क्रोकरॉयच्या भाषणाआधीची आहे की नंतरची, हे बघून घ्यावं.